कुशलाचा कागद

"चष्मा फुटलाय माझा. तू लिहून देतेस का, पोरी?"

रायिसामावशींनी शाळेच्या वहीतली दोन पानं फाडून टेबलावर ठेवली. "उद्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी नावं द्यायचीत."

यारिनानं खिडकीतून पाहिलं. इनेसबाई अंगणात अक्रोडाखाली फोन कानाला लावून उभ्या होत्या. दर तासाला खार्किवच्या कचेरीत कळवावं लागे, की आम्ही अमुक गावात आहोत, सुखरूप आहोत. आणि इथं रेंज मिळायची ती त्या एका झाडाखाली. मुलाखत आटोपली होती. मावशींचा मुलगा ओलेस, वय एकतीस, मागच्या वर्षी सरहद्दीपलीकडच्या सैनिकांनी चौकीवर बसमधून उतरवून नेला, तेव्हापासून पत्ता नाही. मावशी बोलतील ते इनेसबाईंना त्यांच्या भाषेत सांगायचं आणि शब्द न बदलता उतरवून घ्यायचं, एवढंच यारिनाचं काम. मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय निरीक्षण पथकात ती शिकाऊ होती. तिसरा महिना चालू होता.

"लिहिते की, मावशी."

"एकावर क्रूस काढ. तो गेलेल्यांचा. दुसऱ्यावर वर 'कुशल' लिही, तो जित्यांचा. पाद्रीबाबा दोन्ही मोठ्यानं वाचतात, तेव्हा नीट लिही. इकडचं नाव तिकडे गेलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

गेलेल्यांचा कागद भराभर भरत गेला. मावशी बोटं मोडत सांगत होत्या. "पेत्रो, माझे वडील. उल्याना, आई. मिकिता, आमचे हे. जन्मभर म्हणायचे, त्या पाद्र्याशी मी बोलत नाही. आता तोच दर शनिवारी हाका मारतो, आणि यांना उठून जाता येत नाही."

यारिनाला हसू आलं. मावशींनी चेरीच्या मुरांब्याची वाटी पुढे सरकवली.

"घे ना. का कुणाकडे काही न घ्यायचा नियम आहे?"

"चहाला नाही."

"आणि मुरांब्याला?"

"त्याला असेल बहुतेक."

"मग तो चहात घाल. झाला चहा." त्यांनीच दोन चमचे तिच्या कपात ढवळले. "हं, आता दुसरा घे. झोया, माझी बहीण. दान्या आणि मिलाना, तिची नातवंडं. शेजारची क्लावा. भांडखोर आहे, पण घाल. ओलेस."

पेन थांबलं.

चार दिवसांपूर्वी कचेरीत एक माणूस येऊन बसला होता, सरहद्दीपलीकडच्या तुरुंगातून सुटलेला. ओलेस त्याच्याच कोठडीत होता. फेब्रुवारीत खोकत खोकत गेला. त्याचं तोंड या माणसानंच पुसलं, ओल्या बाहीनं. तेही यारिनानंच उतरवून घेतलं होतं, एकही शब्द न बदलता. "कुणाला कळवू नका. माझा भाऊ अजून आत आहे," असं तो दोनदा म्हणाला, आणि इनेसबाईंनी त्याला शब्द दिला. एकाचं सांगणं दुसऱ्याच्या घरात न्यायचं नाही, हे यारिनाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आज गाडीतही इनेसबाईंनी विचारलं होतं, "जमेल ना तुला? चेहरा सांभाळावा लागेल." जमेल, म्हणाली होती ती. आणि दोन तास जमलंही होतं.

थांबली ती किती, एक श्वासभर. मग लिहिलं. ओलेस. अक्षर इतर नावांसारखंच आलं. तिनं मान वर केली नाही.

मावशींनी कागद आपल्याकडे ओढला. चष्म्याशिवाय त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"माझ्या मेलेल्या बापापाशी तू अडखळली नाहीस," त्या म्हणाल्या.

"मावशी, मला काही सांगता येत नाही."

"मी काही विचारलंय का?"

बाहेर इनेसबाई कुणाला तरी गावाचं नाव पुन्हा पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून सांगत होत्या. मावशींनी टेबलावरचा मुरांब्याचा ओघळ एप्रनच्या कडेनं पुसला. नसलेलाही पुसला. तिथंच हात ठेवून बसल्या. मग क्रूस काढलेला कागद यारिनापुढे सरकवला.

"यावरही घाल त्याला."

यारिनानं त्यांच्याकडे पाहिलं. "मग इकडचं खोडू?"

"खोडायचं काय त्यात? राहू दे ते." मावशींचा आवाज मुलाखतीत होता तसाच होता, सरळ, न अडखळणारा. "आमच्याकडे म्हणतात, जित्या माणसाचं नाव या कागदावर पडलं आणि पाद्रीबाबांनी ते वाचलं, की तो असेल तिथं त्याचा जीव कासावीस होतो. घास गोड लागत नाही, अंथरूण टोचतं. मग उठतो आणि घराची वाट धरतो. म्हणून घालायचं."

"हो, मावशी."

"तुझ्यावर काही नाही त्यात. मी सांगितलं, तू लिहिलंस."

यारिनानं पेन उचललं. मावशींनी तिच्या मनगटाला हात लावला.

"त्याच्या बापाच्या खाली लिही," त्या म्हणाल्या. "अगदी लगेच खाली. मध्ये जागा सोडू नकोस."