पुढच्या महिन्यात नक्की

ओट्यावरचा फोन घुर्रकन थरथरला, तशी घरातली शांतता मोडली. सुटे भाग जोडून बनवायच्या चिमुकल्या जहाजांचे संच बनवणाऱ्या कारखान्याच्या गिऱ्हाइकांचे फोन ती घरूनच घ्यायची.

“साचा दुरुस्तीला गेलाय, काका. पुढच्या महिन्यात तुमचं जहाज नक्की.”

“ताई, तुमचा हा पुढचा महिना कुठल्या कॅलेंडरात येतो हो?”

ती कसंनुसं हसली आणि तिनं फोन ठेवला.

“आई, साचा तर भंगारात गेला ना? काल मावशीला सांगत होतीस.” जमिनीवर बसून जहाजाची डोलकाठी चिकटवणाऱ्या लेकीनं विचारलं.

“गेला गं. पण आस लावून बसलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ कसं म्हणायचं?”

लेकीचा हात थांबला.

“आणि बाबा पुढच्या महिन्यात दवाखान्यातून नक्की घरी येतील, असं मला म्हणालीस ते?”