पुढे होणारी संतती

अमेरिकेत, जॉर्जियातल्या कोर्टाच्या दप्तरखान्यात भरदुपारी मी १८४७चं मृत्युपत्र उघडलं. माझ्या पणजीची आजी, गुलाम हेस्टर, हिला मालकाने, म्हणजे तिच्याच बापाने, आपल्या मुलाला देऊन टाकलं होतं: ‘हेस्टर आणि तिला पुढे होणारी सगळी संतती.’

“न जन्मलेलीही वाटून टाकली मेल्याने!” शेजारी बसलेली माझी गरोदर लेक जनेल फणकारली.

मी पान उलटलं. त्याच वळणदार अक्षरात, त्याच तपकिरी शाईत संततीची नावं होती. पणजीची आई, पणजी, आजी, आई. मग मी, व्हर्डेल. मग जनेल.

“कुणीतरी खोडसाळपणा केलाय,” मी म्हटलं आणि शेवटच्या ओळीवर बोट नेलं.

जनेलच्या खाली आणखी एक नाव होतं. ओडेसा.

जनेलने दोन्ही हातांनी पोट झाकलं.

“आई, हे नाव मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.”