एकटेच उभे होते

मौन संपलं होतं, पण सभागृहात अजून कोणी बसलं नव्हतं. पूल कोसळून गेलेल्या माणसांसाठी सगळे माना खाली घालून उभे होते. पंतप्रधान जड आवाजात म्हणाले, "ही जबाबदारी कोणा एकाची नाही. आम्हा सगळ्यांची आहे."

"सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही!" समोरच्या बाकांवरून विरोधी नेता ओरडला. "आपलं चुकलं असं ज्याला वाटतं, त्यानं उभं राहून दाखवावं. बाकीच्यांनी खुशाल बसावं!"

मंत्र्यांची अख्खी रांग खाली बसली. इतकी झटकन, की सगळ्या बाकांचा मिळून एकच आवाज झाला. म्हातारे बांधकाममंत्री तेवढे उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. कामकाज तहकूब होईपर्यंत तसेच उभे होते.

शिंप्यानं हे दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं आणि मशीनवरचा त्याचा पाय थांबला. त्याची मुलगी त्या पुलावर होती. कॉलेजच्या बसमध्ये, खिडकीपाशी.

पूल पडल्यापासून तो कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होता. बांधकाम खातं अर्थखात्याकडे बोट दाखवी, अर्थखातं वाहतूक खात्याकडे. पुलाची दुरुस्ती पुढं ढकलायचा निर्णय सगळ्या मंत्र्यांनी एकाच बैठकीत, एकमतानं घेतला होता. त्यामुळे त्याला कोणी धनीच नव्हता. शिंप्याला भरपाईबद्दल बोलायचं नव्हतं. कोणी एकानं 'माझं चुकलं' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. ते कानांवर पडल्याशिवाय त्याला झोप येणार नव्हती.

सभागृहात उभे राहिले त्याच संध्याकाळी बांधकाममंत्र्यांनी राजीनामा दिला. 'लोकशाहीची शान राखली,' असं पंतप्रधान म्हणाले आणि बाकीचे मंत्री आपापल्या खुर्च्यांवर राहिले. विरोधकही गप्प झाले. त्यांना एक माणूस हवा होता, तो मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. बसलेली रांग आणि मध्ये एकटा उभा म्हातारा. मान झुकलेली, उजवं कोपर अंगापासून जरा बाहेर आलेलं. त्याच्या उजवीकडे अर्थमंत्री, हातांची घडी घालून समोर बघणारे. संपादकांनी त्या कोपरावरही चार ओळी लिहिल्या होत्या. जणू शेजाऱ्यांनाही आपल्या पश्चात्तापात सामावून घेत होते, असं काहीतरी.

शिंप्यानं फोटो नीट कापला आणि मशीनच्या वर, मुलीच्या फोटोशेजारी चिकटवला.

"तिच्या शेजारी त्याला कशाला?" बायकोनं विचारलं.

"तो उभा राहिला."

"पूल उभा राहिला असता तर उपकार झाले असते," ती म्हणाली आणि काजं करायला बसली.

एका रविवारी तो माजी मंत्र्यांच्या घरी गेला. बायकोला विचारलं, तर ती आली नाही. सरकारी बंगला सुटला होता. एका जुन्या इमारतीतल्या लहान फ्लॅटमध्ये सामानाची खोकी अजून दोरीनं बांधलेली होती, आणि त्यांच्यामध्ये वेताच्या खुर्चीत म्हातारा बसला होता. शिंप्यानं वाटेत मनाशी घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"साहेब, माझी मुलगी त्या बसमध्ये होती. मी काही मागायला आलो नाही. एवढ्या मोठ्या लोकांत तुम्ही एकटे उभे राहिलात. त्याच्यावर आमचे दिवस चाललेत. निदान माझे तरी."

म्हाताऱ्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. "पाणी घ्या," तो शेवटी म्हणाला.

शिंपी पाणी प्याला. तो निघाला, तसा म्हातारा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, दारापर्यंत आला, हात जोडले. मग पुन्हा खुर्चीकडे वळला.

"अहो, थांबा! आपले आपण बसू नका!" म्हाताऱ्याच्या पत्नी आतून ओरडतच बाहेर आल्या. त्यांचे दोन्ही हात कणकेनं भरलेले होते. "दादा, जरा धरता का यांना? माझे हात असे आहेत. उठतात आपले आपण, पण बसतानाच गुडघा अडकतो मेला. कोणी धरलं नाही तर खांबासारखे उभेच राहतील."

शिंप्यानं मागं येऊन उजव्या कोपराखाली हात घातला. म्हाताऱ्यानं त्यावर सगळा भार टाकला आणि हळूहळू खाली बसला.

"सभागृहात बाई काळजी नव्हती," बाई कौतुकानं म्हणाल्या. "शेजारी अर्थमंत्री. इतक्या वर्षांत कधी चुकले नाहीत. यांना सांगावंसुद्धा लागायचं नाही, हात हजर. अगदी भावासारखे." आत कुकरची शिट्टी झाली आणि त्या लगबगीनं निघून गेल्या.

शिंप्याचा हात कोपराखालीच राहिला होता. रोज शिवताना मान वर केली की दिसणारा फोटो त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्यातली ती हातांची घडी.

"आणि त्या दिवशी, साहेब?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी कोपर पुढं केलं होतं," तो म्हणाला.