बाटलीवरची रेघ

हौसाबाई धुण्याभांड्याला येऊ लागल्यापासून अनघाने खोबरेल तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली होती. नाशकात थंडी कडाडली, तेल गोठलं आणि एका सकाळी रेघेच्या बोटभर खाली दिसलं.

"मी हात बी नाय लावला, ताई."

अनघाने रेघेवर बोट ठेवून बाटली हौसाबाईंपुढे धरली. दुसऱ्या दिवशी तेल बरोबर रेघेवर होतं. चोरलेलं मुकाट आणून भरलं, असं तिने अख्ख्या सोसायटीत सांगितलं.

रविवारी तिने बाटली उन्हात ठेवली. गोठताना आकसलेलं तेल वितळलं आणि रेघ ओलांडून बोटभर वर चढलं. अनघाची मान खाली गेली. तेवढ्यात हौसाबाई आल्या आणि तिच्या हातातली बाटली बघून दारातच थबकल्या.

"अजून कमी हाय का, ताई?"