वॉशरचं कुलूप

साहेबांनी बोल्ट कटर पुढे केला. मेकॅनिकने तो घेतला नाही.

तीन नंबरच्या लाइनच्या व्हॉल्व्हवर त्याच्या जोडीदाराचं, वॉशरचं, लाल कुलूप लटकत होतं. सोबत एक पत्रा. त्यावर वॉशरचा फोटो आणि खाली छापलेलं, ‘मी आत काम करत आहे. कुलूप काढू नये.’ पेट्रोलच्या डेपोत प्रत्येक मेकॅनिकचं असं स्वतःचं कुलूप असतं. लाइन उघडायची तर आधी व्हॉल्व्ह बंद करून आपलं कुलूप घालायचं आणि काम संपलं की आपल्याच हाताने काढायचं. किल्ली एकच. वॉशर ती गळ्यात बांधायचा. परवा दुपारी त्याने फिल्टर बदलला, आणि कुलूप काढायच्या आतच त्याच्या छातीत कळ आली. काल त्याला स्मशानात पोचवताना गळ्यातली किल्ली काढून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

“बाहेर अकरा टँकर उभे आहेत,” साहेब म्हणाले. “नुसतं बघत काय बसलात?”

“फॉर्म द्या.”

दुसऱ्याचं कुलूप तोडायचं तर फॉर्म भरावा लागतो. साहेबांनी तो भरूनच आणला होता, फक्त सही बाकी होती. मेकॅनिकने चष्मा चढवून वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीशी अडला. ‘कुलूपधारकाचा संपूर्ण आवारात प्रत्यक्ष शोध घेतला काय?’ पुढे साहेबांनी ठोकून दिलं होतं, ‘होय.’ त्याखाली, ‘सापडला काय?’ ‘नाही.’

“शोध कधी घेतला?”

“कुणाचा?”

“वॉशरचा.”

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. “अहो, शुद्धीवर आहात ना? काल पोचवून आलो आपण त्याला. पुढचा खांदा तुमचाच होता.”

“खोट्यावर सही नाही करायचो मी.” मेकॅनिकने ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही खोडले. “बघून येतो.”

आणि तो खरंच निघाला.

आधी फिल्टरघर. झाकणाचे बारा बोल्ट, बाराही बोल्टांवर पांढऱ्या खडूची रेघ. आवळून झाला की वॉशर अशी रेघ ओढायचा. माणूस अंगाने चपटा, भांडणाऱ्या दोघांच्या मधे नेमका जाऊन बसायचा आणि गळती थांबवायचा, म्हणून वॉशर. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. मेकॅनिकने झाकणामागे वाकून पाहिलं. मग कपडे बदलायच्या खोलीत गेला. बाकाखाली वॉशरच्या चपला होत्या. संडासाचं दार वाजवलं.

“आहे ना आत! जरा दम धरा की!”

त्याने दाराला कान लावला. पण आवाज टँकरच्या कुठल्याशा ड्रायव्हरचा होता.

कँटीनवाल्या बाई भांडी विसळत होत्या. “कुणाला शोधताय?”

“वॉशरला.”

बाईंनी हात पुसले. त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग अगदी रोजच्यासारखं म्हणाल्या, “सकाळपासून इकडे आले नाहीत बरं का.”

मेकॅनिकने मान हलवली आणि तो टाकीच्या जिन्याकडे वळला. तिथे साहेबांनी त्याला गाठलंच. त्यांचा पारा चढला होता. “पुरे झाला तमाशा. लोक हसतायत.”

“हसू द्या.” गुडघा धरत तो एकेक पायरी चढत होता. “तुम्ही नव्हता तेव्हा. नऊ वर्षं झाली. माझं कुलूप असंच तोडायला निघाले होते. सगळे म्हणाले, तो केव्हाच घरी गेला. वॉशरने कुणाचं ऐकलं नाही. सगळा डेपो पालथा घातला.”

“मग?”

“मी फिल्टरच्या टाकीत होतो. वाकून घासत होतो. हाका ऐकू येत नव्हत्या.” वरच्या पायरीवर तो थांबला, धाप लागली होती. “माझी धाकटी त्यानंतरची, साहेब.”

टाकीवर कुणी नव्हतं. ऊन मात्र रणरणत होतं. दोघे खाली उतरले. मेकॅनिक व्हॉल्व्हच्या दिशेने चालू लागला तेव्हा साहेब मागेच रेंगाळले.

“स्टोअर राहिलं,” ते हळूच म्हणाले, आणि स्वतःच जाऊन दार उघडून, रबरी पाइपांच्या भेंडोळ्यांमागे डोकावून आले. “नाही तिथे.”

मेकॅनिकने फॉर्म गुडघ्यावर ठेवला. ‘होय’ सहज लिहिलं. ‘नाही’ लिहिताना मात्र त्याला रडू आवरेना. काल सगळ्यांसमोर डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, बायकोने त्याबद्दल बोलूनही दाखवलं होतं. साहेब दुसरीकडे बघत उभे राहिले.

मग त्याने कटर घेतला. कडी तुटली, तसं कुलूप खाली पडू नये म्हणून साहेबांनी ओंजळ धरली.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी एकदा हाक मारायची असते. लाइनपाशी कोण आहे, असं ओरडायचं, थांबायचं, उत्तर आलं नाही की पंपघराला इशारा करायचा. मेकॅनिकने तोंडाशी हात धरले.

“वॉशर!”

हाक टाक्यांवर आपटून परत आली. गेटवरच्या ड्रायव्हरांनी माना वळवल्या. पंपघराच्या खिडकीतून ऑपरेटर मुलीने विचारलं, “काका, चालू करू?”

मेकॅनिकने हात वर केला.

“थांब गं जरा. अजून त्याने ओ दिली नाही.”