देवचंद मास्तरांची अंगाई

क्लॅरिनेटने धून उचलली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या नर्मदाबाईंच्या हातातला चहा साडीवर सांडला.

पारोळ्याच्या शाळेच्या मैदानात त्यांच्या नवऱ्याच्या, बँडमास्तर देवचंद यांच्या स्मरणार्थ गावचा बँड वाजत होता. मास्तरांचे मार्च म्हणजे वरातीचा घोडाही ताल धरणार. ते सगळे वाजवून झाले होते. मग बँडचा म्होरक्या, मास्तरांचा मुलगा संघपाल माइकवर आला. "आता आबांची एक अंगाई. लहानपणी मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा ते उशाशी बसून गुणगुणायचे. कुणी ऐकली नसेल."

खरंच कुणी ऐकली नव्हती. मैदानातली माणसं गप्प झाली, कडेची कुत्रीही. वारा सुटला होता, पण मांडवाची झालर हलत नव्हती.

मास्तरांचं दुसरं काम बँडवाल्यांच्या घरांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या घरांतल्या मरणाला टेकलेल्या प्रत्येकासाठी ते मयताची धून बांधत. ज्याची त्याला. ती एकदाच वाजायची, त्याच्या शेवटच्या वाटेवर. जिवंतपणी पुरी वाजली तर आपला माणूस घेऊन जाते, असं बँडवाले मानत. मास्तर त्यावर हसत, पण रिवाज मोडत नसत.

त्या तापात डॉक्टरांनी हात टेकले होते. मास्तर उशाशी बसून पोराची धून बांधत होते. मग ताप उतरला आणि धून न वाजताच राहिली. नर्मदाबाईंनी हे मुलाला कधी सांगितलं नाही. कोणती आई सांगेल?

ढोलावरच्या म्हाताऱ्या सुपडूनानांचे हात थांबले. हळूहळू सगळा बँड थांबला.

"अक्का," नाना नर्मदाबाईंना म्हणाले, "ही कोनी शे? बठ्ठास्न्या त वाजी ग्यात." मास्तरांनी बांधलेली प्रत्येकाची धून तर वाजून गेली होती; मग ही कुणाची, ते नानांना कळेना.

संघपालने स्वतःच्या कपाळाला हात लावला. त्याला हुडहुडी भरली होती.

 नर्मदाबाई कुणाचा आधार न घेता मंचावर चढल्या. मुलाचं कपाळ चांगलंच तापलं होतं. त्यांनी बँडसमोर खुर्ची ओढली, बसल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"ती अंगाई नही, संघपाल. मन्ही धून शे. तुन्हा आबानी मन्हाकरता बांधेल व्हती. आते पुरी वाजाड."