कुंपणाबाहेरची चूल

बू नासेरचे दोन शिकारी कुत्रे सशामागे गेले ते गेलेच. मोसम शिकारीचा. कुवेतच्या वाळवंटात जिकडेतिकडे तंबू आणि बंदुका. कोल्हा समजून कोणी गोळी घालायला कितीसा वेळ? सकाळपासून जीप फिरत होती. हाका मारून आणि हॉर्न वाजवून बू नासेर दमला. कुत्र्यांची देखभाल करणारा काशिनाथ शेजारी पाण्याचं भांडं मांडीवर धरून बसला होता.

दुपार कलली तसा तो हळूच मालकाला म्हणाला, "बाबा, गाडी थांबवा. वारा बरा आहे."

खाली उतरून त्याने काटक्या पेटवल्या आणि शिदोरीतले सुके बोंबील काढून निखाऱ्यांवर टाकले. बू नासेरने नाकाला रुमाल लावला. याच वासापायी त्याने चार वर्षांपूर्वी, काशिनाथ कोकणातून आला त्याच आठवड्यात, त्याची चूल कुंपणाबाहेर मांडायला लावली होती.

बोंबील करपायला आले आणि टेकाडावर दोन ठिपके हलले. बघता बघता कुत्रे धावत आले, मालकाला वळसा घालून थेट काशिनाथपुढे बसले.

बू नासेरने दोघांना पोटाशी धरलं. मग एकदम चमकून त्याने विचारलं, "यांना तर मी डब्यातलं विलायती खाणं घालायला सांगितलंय. हा वास यांना कसा ठाऊक?"

काशिनाथने बोंबलांचे तीन वाटे केले.

"रोज जेवायला आम्ही तिघंच असतो, बाबा."